नाकवालीचा गारवा

आमच्या गाडीला नाक आहे. हल्लीच्या ट्रकांची तोंडं भिंतीवर आपटल्यासारखी चपटी असतात. आमच्या गाडीचं इंजिन पुढे, लांबट बॉनेटखाली, आणि त्याच्यामागे सुताराने बांधलेली लाकडी केबिन. आमच्या पावस गावाच्या आसपास तिला कोणी ट्रक म्हणत नाही, नाकवाली म्हणतात. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्यांनी तिच्यातून जन्मभर आंबा वाहिला. आधी थेट मुंबईच्या बाजारापर्यंत, नि वय झाल्यावर बागांपासून हातखंब्याच्या गोदामापर्यंत. दरवर्षी पासिंग करून, रंग देऊन, पावसाळ्यात मांगरात, म्हणजे घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, झाकून ठेवून त्यांनी तिला अशी जपली होती की आई म्हणायची, माझ्या वाट्याला ही गाडी सवत म्हणून आली.

गाडी सुंदर, पण आतून नुसती भट्टी. वर पत्रा, पुढे इंजिन, आणि मध्ये माणूस. एप्रिल-मे महिन्यात सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा, कातळ तापला की त्या केबिनमध्ये बसवत नसे. बाबांचा त्यावर एकच उपाय होता. निघताना ते टॉवेल बादलीत बुचकळायचे, अर्धवट पिळायचे आणि मानेभोवती टाकायचे. तो ओला टॉवेल नसलेले बाबा गाडीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी मात्र टॉवेल पुरला नाही. एका बागेत पेट्या भरणं चालू होतं, बाबा केबिनमध्ये बसले होते. त्यांना भोवळ आली आणि कपाळ बरोबर हॉर्नवर टेकलं. हॉर्न वाजतच राहिला. गड्यांना वाटलं, म्हातारा घाई करतोय. घाई केली की मुद्दाम सावकाश काम करायचं ही आमच्याकडची जुनी रीत, त्यामुळे ते आणखीच हळू भरायला लागले. शेवटी एक जण वैतागून शिव्या घालायला पुढे गेला, तेव्हा कळलं. हा प्रसंग सांगताना आता सगळे हसतात, मीही हसतो, पण तेव्हा मी दूर समुद्रात जहाजावर होतो आणि घरी पोचेपर्यंत रोज आईला फोन करत होतो.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की यापुढे तापलेल्या गाडीत बसायचं नाही, चालवायचं तर नावही काढायचं नाही. चालवणं सोडायला बाबा तयार झाले. हाताखाली ड्रायव्हर ठेवू, मी नुसता शेजारी बसेन, म्हणाले. बसायचंही नाही म्हटल्यावर पावसाळाभर नि थंडीभर ते नुसते मांगरात जाऊन गाडी पुसत राहिले. मग यंदा मी सुट्टीवर आलो तेव्हा एक दिवस जेवताना म्हणाले, "मला बसता येत नाय तर ती गाडी दारात कशाला? देऊन टाकू."

घेणारा तयारच होता. मालगुंडच्या बाजूला एका गृहस्थांनी नवं रिसॉर्ट काढलं होतं. त्यांना गाडी चालवायची नव्हती. ती फाटकाशी उभी करायची, हौद्यात माती भरून बोगनवेल लावायची आणि पर्यटकांनी तिच्या नाकाला टेकून फोटो काढायचे, असा बेत होता. माणूस वाईट नव्हता. चहा घेताना त्यांनी तो बेत इतक्या हौसेने सांगितला की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ज्या हौद्यातून हजारो पेट्या गेल्या त्यात फुलझाडं! मी तोंड उघडणार तोच आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

मी बोटीवरचा माणूस. वीसेक वर्षं जहाजांवर शीतगृहं सांभाळायचं काम केलं. लोकांची केळी, मासे, मटण मी विषुववृत्तावरून बर्फासारखं थंड नेलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकच विचार येत होता. परक्यांची केळी गार ठेवणाऱ्याला स्वतःच्या बापाला पावसपासून हातखंब्यापर्यंत गार ठेवता येऊ नये?

सकाळी मी जाहीर केलं, नाकवालीला एसी बसवतो. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"लाकडाच्या केबिनला?"

"हो."

"दाराच्या फटीतून मांजर आत जाता मेल्या. थंडी काय आत ऱ्हाणार?"

"फटी बुजवीन."

बाबा हसले नाहीत. त्यांनी रिसॉर्टवाल्यांना माझ्यादेखत फोन लावला. शब्द असा ठरला. यंदा अक्षय्य तृतीयेला नेहमीसारख्या पेट्या न्यायच्या, गाडी मी चालवणार आणि बाबा शेजारी बसणार. भर दुपारी, काचा बंद करून, गोळपचा सडा पार करून हातखंब्याला पोचले, तर गाडी घरची. वाटेत उतरावं किंवा काच उघडावी लागली तर गाडी रिसॉर्टवाल्यांची, तिथूनच न्यावी. समोरच्याने हसत होकार दिला. बाबा शब्दाचे पक्के, त्यामुळे आता सगळं माझ्यावर आलं होतं.

सुट्टीतले पुढचे दिवस मी मांगरात काढले. कॉम्प्रेसर, थंड हवेची जाळी आणि उष्णता बाहेर टाकणारी दुसरी जाळी नव्या बसच्या सुट्या भागांतून मिळवली; सगळं ॲल्युमिनियमचं, हलकं, चकचकीत. नाकवालीचं लोखंड त्याच्याशेजारी असं दिसायचं की जणू पैलवानाच्या मांडीवर बाळ ठेवलंय. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवायचा तर त्याला बसायला खुर्ची हवी. शहरातल्या लेथवाल्याकडून जाड पत्र्याची करून आणली. पहिली बोटभर तिरकी निघाली आणि पट्टा असा किंचाळला की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. मी लेथवाल्याला वाट्टेल ते बोललो. मग लक्षात आलं, माप माझंच चुकलं होतं. त्याला चहा पाजून दुसरी करून घेतली.

बाबांची एक अट होती, पुढच्या फळीला भोक पाडायचं नाही. त्या फळीवर त्यांचा देव, त्यांचं घड्याळ आणि त्यांनी स्वतः कोरलेली नक्षी. म्हणून थंड हवेचा डबा मी सीटच्या मागे, पूर्वी आडवं व्हायची फळी होती तिथे बसवला आणि हवा छताकडेने पुढे आणली. बाबा रोज येऊन मागे हात बांधून बघायचे, आणि जाताना फळीवरून हात फिरवून भोक नाही ना ते तपासायचे.

खरा प्रश्न गाडीच्या अंगाचा होता. बाबा म्हणाले तेच खरं, लाकडी केबिनमध्ये थंडावा टिकणार कसा? उत्तर मिरकरवाड्याच्या बंदरावर मिळालं. मच्छीमारी बोटींवर बर्फाचे कप्पे असतात, त्यात मासळी आठवडाभर टिकते. ते कप्पे बांधणाऱ्या कारागिरालाच मी घरी घेऊन आलो. त्याने केबिनभोवती एक फेरी मारली, दार लावून उघडून बघितलं आणि विचारलं, "ह्यात सुरमई ठेवायची का?" मी म्हटलं, बाप ठेवायचाय. पुढे त्याने एक प्रश्न विचारला नाही. छताला आणि दारांना आतून फोम भरला, इंजिनाकडच्या भिंतीला दुहेरी थर दिला, पायाखाली मी नारळाच्या काथ्याच्या जाड चटया ठोकल्या. मांजर आता आत जात नव्हतं.

गॅस भरून मी इंजिन चालू केलं. वेळ दुपारची, मांगराचा पत्रा तडतडत होता. मी दार लावून आत बसलो आणि वाट बघितली. आधी छताकडून नुसता वारा आला. मग वाऱ्याला गारवा आला. मग माझ्या दंडावर काटा आला. मी आतल्या आत असा ओरडलो की आई धावत बाहेर आली, तिला वाटलं शॉक लागला.

बातमी वाडीभर झाली. लोक येऊन एकेक करून आत बसून जायला लागले. एक म्हातारी बसली ती उठेचना. गाडी आता बोगनवेलीची होत नाही, हे सगळ्यांनी आपापसांत ठरवूनच टाकलं. आणि घोटाळा झाला तो इथे.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला गाडीला तोरण बांधायची पद्धत आहे. आंब्याची पानं आणि झेंडू ओवून आई दरवर्षी एक सर करायची आणि इंजिनासमोरच्या जाळीवर बांधायची. बांधलेलं तोरण माल उतरल्याशिवाय सोडायचं नाही, आणि सोडलं तर बांधणाऱ्या हातानेच सोडायचं. यंदा आईने आनंदाच्या भरात दुपटीने जाड तोरण केलं. शेजारच्या घरातून दुसरं आलं. ज्यांचा आंबा गाडीत भरला होता त्यांनी आपापलं आणलं. उठायला नकार देणाऱ्या म्हातारीनेही आणलं. सगळ्यांना गाडीचा मान करायचा होता, कोणाला नाही म्हणणार? नाकवालीचं नाक कपाळापासून हनुवटीपर्यंत पानाफुलांत बुडालं. मी तेव्हा पेट्यांवरची दोरी आवळत होतो. वळून बघितलं आणि मलाही ते रूप इतकं आवडलं की मी फोटो काढला. जन्मभर शीतगृहं सांभाळलेल्या माणसाने फोटो काढला, दुसरं काही केलं नाही!

निघायला दुपार झाली. मी चालवायला, मध्ये आई, खिडकीशी बाबा. आई या गाडीत पहिल्यांदाच बसत होती. एवढी वर्षं ती अंगणातून निरोप द्यायची. बाबांनी सवयीने टॉवेल भिजवून मानेवर टाकला होता. मी म्हटलं, आता कशाला? ते म्हणाले, "असूंदे."

काचा वर केल्या. गार वारा सुरू झाला. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बाबांकडे बघून हसली. वाडी मागे पडली. बाबा ताठ बसले होते, रस्त्याकडे डोळे, जसे चालवताना बसायचे तसेच.

पावसहून गोळपच्या सड्यावर जायला चढ आहे. भरलेली गाडी तिथे पायी चालणाऱ्याच्या वेगाने चढते. अर्ध्या चढावर टक् असा आवाज झाला. मी तो आवाज ओळखतो. कॉम्प्रेसर बंद पडला होता. छताकडून येणारा वारा आधी कोमट झाला, मग गरम. मी बटणं दाबली, परत टक्, पाच-सात श्वास गार हवा, आणि पुन्हा टक्. इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर सरकत होता.

"काच खाली करा बाबा."

"नाय."

"अहो, हे दुरुस्त होईपर्यंत तरी!"

"शब्द दिलाय. काच उघडली की गाडी गेली."

मी गाडी कडेला, एका काजूच्या झाडाखाली घेतली. झाडाची सावली सूपभर. आता त्या बर्फाच्या कप्प्याने उलटा डाव साधला. गारवा आत धरून ठेवायला केलेली केबिन उष्णता धरून बसली. बाबांच्या कपाळावर घाम आला, मग गळ्यावर. टॉवेलचं एक टोक त्यांनी तोंडावरून फिरवलं. मी ओरडलो, "गाडी गेली खड्ड्यात, तुम्ही उतरा आधी!" बाबा तितक्याच जोराने ओरडले, "तू तुजा काम कर!" आयुष्यात आम्ही पुष्कळ भांडलो, पण तेव्हासारखी भीती मला कधी वाटली नव्हती. मनातल्या मनात मी ठरवलं, एवढ्यात काही सापडलं नाही तर त्यांना उचलून बाहेर काढायचं, मग जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल.

उडी मारून मी पुढे धावलो. पट्टा बघितला, नीट. वायर बघितली, नीट. गॅस कुठे गळतोय का बघितलं, थेंब नाही. मी यंत्राला, स्वतःला, सगळ्या जगाला शिव्या देत होतो. तेवढ्यात वास आला. आंब्याची पानं उकडल्याचा वास. नाकाशी येऊन मी तोरणात बोटं खुपसली. वरून हिरवीगार दिसणारी पानं आतल्या बाजूने पापडासारखी कुरकुरीत झाली होती.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. केबिनमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी मी स्वतःच्या हाताने तिथे, रेडिएटरच्या पुढ्यात बसवली होती. तिला समोरून वारा हवा. वारा नसेल तर दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःचा जीव वाचवायला बंद होतो. जुन्या इंजिनाला एका पातळ सराने कधी काही झालं नव्हतं. यंदा लोकांच्या प्रेमाने बिचारीचं नाकच दाबून धरलं होतं.

मी तोरण ओढायला हात घातला आणि आतून बाबांनी काचेवर थाप मारली. काचेमागून आवाज बारीक येत होता, पण शब्द कळले. "हात लावू नको! मान हाय तो लोकांचा!"

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे, मग त्या करपलेल्या पानांकडे बघितलं. काय झालंय ते मी हातवारे करून सांगितलं. तिने बाबांच्या बाजूने वाट नव्हती म्हणून स्टिअरिंगच्या बाजूने सरकत, साडी सावरत, माझ्या खांद्यावर हात टाकून खाली उडी घेतली, त्या वयात. दार धाडकन लावून घेतलं, केबिन बंदची बंद राहावी म्हणून.

"मी बांधला, मीच सोडतंय," ती बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि बाकीच्यांना मी सांगेन. देवाला नाकावर बांधला काय नि कपाळावर बांधला काय!"

तिने एकेक गाठ सोडली. घाई केली नाही की एक पान तोडलं नाही. मी टपावर चढलो आणि ती खालून देत गेली तसे सगळे सर काचेच्या वरच्या लाकडी पट्टीला बांधले. शेवटचा सर, तिचा स्वतःचा, तिने आधी कपाळाला लावला आणि मग वर दिला. समोरची जाळी मोकळी झाली. मी टपावरून उतरलो तेव्हा सड्यावरून येणारा खारा वारा थेट तिच्यात शिरत होता.

आत येऊन इंजिन जोरात केलं. टक्. या वेळचा टक् वेगळा होता, पकड घेतल्याचा. कोमट, मग बरा, मग गार. आम्ही तिघंही छताकडे बघत बसलो होतो. बाबांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. आईने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि थोड्या वेळाने माझ्याकडे बघून मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. गाडी न थांबता वर चढली.

सड्यावर कातळ पांढरा पडला होता, गवत करपून गेलं होतं, आणि आम्ही त्यातून असे चाललो होतो जसं काही माघ महिन्यातली पहाट आहे. भाट्याचा उतार लागला, खाली समुद्र दिसला. बाबांनी तिकडे बोट दाखवलं. "ह्या उतारावर," ते आईला म्हणाले, "मी दरवर्षी म्हणायचो, एक दिवस तुला घेऊन यायला हवा." आई म्हणाली, "मग घेतला का नाय?" बाबा म्हणाले, "तुला भाजून काढायला?" एवढी वर्षं आई अंगणात का उभी राहायची ते मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच हॉर्न वाजवला.

हातखंब्याच्या गोदामासमोर रिसॉर्टवाले उभे होते. गाडी न्यायला सोबत माणसंही आणली होती. आम्हाला उशीर झाल्यामुळे ते बराच वेळ उन्हात ताटकळले असणार, कारण शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. नाकवाली कपाळावर तोरणं मिरवत, दोन्ही काचा बंद, येऊन उभी राहिली. गोदामाचे हमाल हातातलं काम टाकून बघायला आले. एकाने काचेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "बर्फ हाय रे ह्यो!" तो ओरडला आणि मग सगळेच हात लावायला धावले.

रिसॉर्टवाले बाबांच्या खिडकीशी आले. त्यांनी काचेवर टकटक केलं. बाबांनी काच खाली केली नाही. आत या, अशी खूण केली. मी उतरून दार धरलं, ते माझ्या सीटवर चढून बसले, आणि बसताच त्यांच्या तोंडून नुसता "अहाहा" निघाला. हरलेल्या माणसाने इतक्या मनापासून अहाहा म्हटलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

"काका," ते म्हणाले, "आता मी काय बोलू? गाडी तुमची."

बाबांनी मान डोलावली. मग मानेवरचा टॉवेल काढला. गाडीत बसलेले असताना तो त्यांच्या मानेवरून उतरताना मी पहिल्यांदा बघत होतो. टॉवेल अजून गार होता. त्यांनी त्याची नीट घडी केली आणि आईच्या पुढून हात लांब करून रिसॉर्टवाल्यांच्या हातात ठेवली.

"घ्या," बाबा म्हणाले, "तुमाला लागंल. भायेर लय ऊन हाय."